लिंबाच्या रोपावरच्या अळ्या: ठेवायच्या की काढायच्या?

गिरणाकाठ (९ जुलै, सकाळी)

नमस्कार मंडळी. पाचोऱ्याला आमच्या अंगणात कागदी लिंबाचं दोन फुटी रोप आहे. सासऱ्यांनी गेल्या पावसाळ्यात लावलं आणि मे महिन्यातल्या उन्हात गोणपाटाची सावली करून जगवलं. पहिला पाऊस पडला तशी कोवळी पालवी फुटली. चार दिवसांपूर्वी पानांवर चिमणीची शीट पडल्यासारखं दिसलं म्हणून पाण्याने धुवायला गेले, तर ती शीट चालायला लागली! तपकिरी अळी, अंगावर पांढरा पट्टा, ओली असल्यासारखी चकचकीत. शोधल्या तर सहा निघाल्या. एकीला काडीने हलवलं, तर मानेजवळून दोन केशरी शिंगं बाहेर आली आणि आंबूस उग्र वास सुटला.

सासूबाई म्हणतात, काढ आणि राखेत टाक. चौथीतली लेक म्हणते, फुलपाखरू होणार आहे, हात लावू नको. सासरे काहीच म्हणत नाहीत, फक्त रोज सकाळी चष्मा लावून पानं मोजतात. तेच मला बघवत नाही. आज सकाळी चाळीस पानं होती.

अळी कशाची आहे, आणि रोपही वाचेल, अळ्याही वाचतील असा काही मार्ग आहे का?

---

शेवभाजी (९ जुलै)

ताई, हात लावू नका. ती शिंगं डंख मारतात असं आमच्याकडे म्हणतात. खाज सुटते.

---

सातपुडी (९ जुलै)

गिरणाकाठ ताई, वर्णनावरून हे लिंबू फुलपाखरू आहे, शास्त्रीय नाव पॅपिलिओ डेमोलियस. काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके आणि मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी डाग. याच्या कुळातल्या बहुतेक फुलपाखरांना मागच्या पंखाला शेपटी असते, याला नसते. उन्हाचा प्राणी आहे. दाट सावलीत फारसा जात नाही, म्हणूनच आपल्या उघड्यावाघड्या खान्देशात चांगला रमतो. पंख पसरले की आठ ते दहा सेंटिमीटर भरतात.

@शेवभाजी, डंख नाही हो. त्या शिंगांना काटाही नाही आणि विषही नाही. तो मऊ मांसल अवयव असतो, एरवी डोक्यामागे घडी करून ठेवलेला. मुंगी किंवा छोटा किडा अंगाशी आला की तो बाहेर काढून वास सोडायचा, एवढंच. अंगावर केसही नाहीत, त्यामुळे खाजेचा प्रश्न नाही. खाज सुटते ती शेवग्यावरच्या केसाळ सुरवंटांमुळे. दोघांची गल्लत होते.

शिटेचं सोंग लहानपणीच. शेवटची कात टाकली की अळी एकदम हिरवीगार होते, पाठीवर तपकिरी पट्टे येतात. कारण साधं आहे. एवढी मोठी शीट कुठल्या पक्ष्याची असणार? तेव्हा मग पानाच्या रंगात लपणंच बरं.

आणि सावध करतो. आतापर्यंत खाल्लं ते काहीच नाही. शेवटच्या चार-पाच दिवसांत अळी जेवढी पानं खाते, तेवढी त्याआधी सगळी मिळूनही खात नाही. सहा अळ्या आणि चाळीस पानं हे गणित जुळणार नाही.

---

जंबेरी_खुंट (९ जुलै, रात्री)

मी जामनेर तालुक्यातला. तीन एकर कागदी लिंबू आणि छोटी पन्हेरी, म्हणजे रोपवाटिका. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. काढून टाका. धाग्याला फुलपाखरू दिसतंय, मला माझी पन्हेरी दिसते. दोन वर्षांपूर्वी घरात लग्न होतं, चार दिवस पन्हेरीकडे फिरकलो नाही. परत आलो तर बोटभर उंचीच्या रोपांना पानांच्या जागी नुसत्या शिरा उरलेल्या. वाफेच्या वाफे तसे. ज्याला लिंबू बाजारातून पावशेर आणायचं आहे, त्याला अळी गोड वाटते.

तेव्हा दुकानातून दिलेलं जहाल औषध मारलं. अळ्या मेल्या, हे खरं. पण पुढच्या महिन्यात नागअळी (पान आतून पोखरणारी) आणि सायला (रस शोषणारा बारीक किडा) असे काही वाढले की तसे त्याआधी कधी पाहिले नव्हते. ते का झालं, हे कोणी सांगितलं तर ऐकायला आवडेल.

---

मुळा_मुठा (१० जुलै)

मूळचा धुळ्याचा, आता पुण्यात. माझ्या मते निसर्गात ढवळाढवळ करूच नये. अळीने रोप खाल्लं तर खाल्लं. रोप पुन्हा आणता येतं.

---

जंबेरी_खुंट (१० जुलै)

भाऊ, लिंबाचं रोप हासुद्धा निसर्गच आहे. आणि या ताईंच्या सासऱ्यांनी ते उन्हाळ्यात गोणपाटाखाली जगवलंय. "पुन्हा आणता येतं" असं त्यांच्यासमोर बोलून दाखवा.

---

मुळा_मुठा (१० जुलै)

पटलं. शब्द मागे घेतो.

---

मास्तर_शहादा (१० जुलै)

शाळेत दरवर्षी पावसाळ्यात मुलांबरोबर या अळ्या वाढवतो, म्हणून अनुभवाचं सांगतो.

ताई, दोन अळ्या रोपावर ठेवा, चार हलवा. मात्र हलवताना शक्यतो लिंबाच्याच मोठ्या झाडावर हलवा. गोडनिंब (कढीपत्ता), बेल, कवठ हेही तिचं खाद्य आहे, पण लिंबाची चव लागलेली मोठी अळी मध्येच दुसरं पान द्यावं तर कधी कधी तोंड लावत नाही. आमच्या दोन अळ्या गोडनिंबावर उपाशी बसून राहिल्या होत्या. पोरं रडकुंडीला आली, शेवटी एकाच्या आजोबांच्या मळ्यातून लिंबाचे शेंडे आणले. बोटाने अळी ओढू नका, पायांनी ती पानाला घट्ट धरून असते. पानासकट कापा आणि ते पान नव्या झाडाच्या कोवळ्या शेंड्याला टाचणीने अडकवा. जुन्या पानाची गोडी संपली की ती आपणहून पुढे सरकते.

आणखी एक. आठ-दहा दिवसांनी अळी अचानक नाहीशी झाली तर घाबरू नका. कोषात जायच्या आधी ती एकदा पातळ विष्ठा टाकून पोट रिकामं करते आणि जागा शोधत भटकते. आमच्याकडे एक शाळेच्या घंटेच्या दोरीवर जाऊन बसली. मग बारा दिवस घंटा दुसऱ्या टोकाने वाजवली. मुख्याध्यापकांनीच तसं सांगितलं.

---

फुणके_कढी (१० जुलै)

अवांतर: हे वाचून अंगणातला गोडनिंब बघितला. दोन अळ्या! काल याच झाडाची पानं कढीला घातली, फुणके केले होते. अंडी पोटात गेली असतील का?

---

सातपुडी (१० जुलै)

गेली असतील तरी काही होत नाही. अंडं मोहरीच्या दाण्याएवढं, फिकट पिवळं, गोल असतं आणि एका वेळी एकेक सुटं घातलेलं असतं, कोवळ्या पानावर. कढीला आपण तीच कोवळी पानं खुडतो, म्हणून भेट होते. पान धुताना दोन्ही बाजूंनी बोट फिरवा, अंडं हाताला लागतं.

मादीला अंडं घालताना एकदा बघाच. पानावर टेकते न टेकते तोच पुढचे पाय भराभर आपटते. ती पायाने चव घेत असते. पटलं तर पोट वाकवून एक अंडं, आणि पुढच्या फांदीकडे. सगळा कारभार दोन-तीन सेकंदांचा.

---

बेलपान (११ जुलै)

बेलाचा उल्लेख आला म्हणून लिहिते. आमचं गाव चाळीसगावजवळ. श्रावणात बेल तोडताना आई एकेक त्रिदळ उलटंपालटं करून बघायची. पिवळा मणी दिसला तर ती डहाळी सोडून द्यायची. म्हणायची, ते कोणाचंतरी ताट आहे, महादेवाला दुसरं चालेल. अंडं फुलपाखराचं आहे हे तिला ठाऊक होतं की नाही, आता विचारता येत नाही.

पावसाची उघडीप मिळाली की पाटणादेवीला ओढ्याच्या ओल्या वाळूवर ही फुलपाखरं बसलेली दिसतात. पाणी पितात असं वाटतं.

---

सातपुडी (११ जुलै)

पाण्याबरोबर क्षार घेतात. असे बसणारे बहुतेक नर असतात. तुमच्या आईंचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

---

बांधावरचा (११ जुलै)

ताई, राम राम. मी शिरपूरकडला. आमना गावले बांधवर बावची गंज व्हती. मी धाकला व्हतू तवय तिनावर ह्या अळ्या दखेल शे. आते तणनाशक मारी मारी बठ्ठी गयी.

मराठीत लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून. आमच्या गावच्या बांधावर बावची खूप होती, लहानपणी तिच्यावर या अळ्या पाहिल्यात, आता तणनाशक मारून मारून सगळी गेली. बावची म्हणजे काळ्या जमिनीत येणारं कंबरेएवढं तण. गोलसर दातेरी पान, जांभळट फुलांचे गेंद, काळं बी. वैदू ते बी पांढऱ्या कोडावर द्यायचे. लिंबाचं झाड आमच्या गावात दोन घरी होतं, पण ही पिवळी-काळी फुलपाखरं कापसावरून ढिगाने उडायची. तेव्हा कळायचं नाही ती कुठून येतात. बावचीच्या बांधावरून येत होती.

---

मुळा_मुठा (११ जुलै)

बावची तर शेंगांच्या कुळातली, तूर-हरभऱ्याची नातेवाईक. तिच्यावर लिंबाची अळी कशी?

---

सातपुडी (११ जुलै, रात्री)

बांधावरचा दादा, तुम्ही फार मोलाचं लिहिलं आहे.

आणि मुळा_मुठा, प्रश्न अगदी बरोबर. आपल्याकडे बावचीवर या फुलपाखराच्या अळ्यांची नोंद आहे. ऑस्ट्रेलियात याच जातीची जी उपजात आहे, ती तर मुख्यतः बावचीच्या भाऊबंदांवरच जगते, लिंबाकडे फारशी वळत नाही. दोन झाडांचं कूळ वेगळं, पण रसायन मिळतंजुळतं. बावचीत सोरालेन नावाचं द्रव्य असतं. त्याचं नावच बावचीच्या जुन्या शास्त्रीय नावावरून, सोरालिया, असं पडलं. त्याच गटातली द्रव्यं लिंबाच्या कुळातही असतात. पायाने चव घेणाऱ्या मादीला ही ओळख पटत असावी, असा माझा अंदाज. सोरालेन हातावर लागून ऊन पडलं तर कातडी भाजते, म्हणून बावची उपटताना लहान मुलांना सांभाळा.

आता माझं मत, आणि ते जंबेरी_खुंट दादांसाठीही आहे. कागदी लिंबाच्या बागा होण्याआधी हे फुलपाखरू आपल्याकडे कशावर जगत असेल? रानातला बेल, कवठ, गोडनिंब आणि बांधावरची बावची. बेल देवळापुरता उरला, कवठ शिवरात्रीला बाजारात दिसलं तर दिसतं, आणि बांध फवारून साफ. मग मादी जाणार कुठे? जी कोवळी पालवी दिसेल तिथे, म्हणजे तुमच्या पन्हेरीत आणि ताईंच्या अंगणात. हिचा पसारा लहान नाही. अरबस्तानापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. २००४ मध्ये ती कॅरिबियन बेटांवर डॉमिनिकन प्रजासत्ताकात पोचलेली आढळली आणि तिथल्या लिंबू-संत्र्यांच्या बागायतदारांना घोर लागला. लिंबू आहे तिथे ती जगतेच. प्रश्न आहे तो आपण तिला लिंबाशिवाय काही शिल्लक ठेवलंय का, हा.

तुमच्या नागअळीचं कारणही यातच आहे. जहाल औषधाने अळीबरोबर तिचे वैरीही मेले. अंड्यात अंडी घालणारी ट्रायकोग्रामा नावाची चिमुकली माशी, सायला खाणारे ढालकिडे, कोळी, सगळे. नागअळी पानाच्या आत सुरक्षित बसलेली, सायलाची पिढी भराभर वाढणारी. राखणदार गेल्यावर त्यांना मोकळं रान मिळालं.

---

जंबेरी_खुंट (१२ जुलै)

हे पटण्यासारखं आहे. पण पन्हेरीचं काय? तिथे मी एकही अळी ठेवू शकत नाही. रोप विकायचं असतं.

---

मास्तर_शहादा (१२ जुलै)

पन्हेरीत ठेवूच नका, असं मीही म्हणेन. छोट्या रोपाची पालवी गेली की वर्ष मागे पडतं. नव्या पालवीच्या दिवसांत एक दिवसाआड सकाळी वाफे फिरून हाताने वेचणं सगळ्यात उत्तम. शीट दिसली की हात घालायचा. फारच झालं तर बीटी जिवाणूची फवारणी संध्याकाळी करा. ती पान खाणाऱ्या अळीच्या पोटात जाऊनच काम करते, ढालकिड्यांना इजा होत नाही. आणि मोठ्या झाडांवर काहीच करू नका. पाच-सात वर्षांच्या झाडाला दहा अळ्यांचं ओझं नाही.

---

जंबेरी_खुंट (१२ जुलै)

मोठ्या झाडांवर यंदा फवारणार नाही, बघतो काय होतं. वेचलेल्या अळ्यांचं मात्र काय करायचं ते मी ठरवीन.

---

शेवभाजी (१२ जुलै)

हेच का ते आपलं राज्य फुलपाखरू?

---

बेलपान (१२ जुलै)

नाही, ते नीलवंत, सरकारी भाषेत राणी पाकोळी. २०१५ मध्ये जाहीर झालं, आणि राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. काळ्या मखमलीवर निळे पट्टे. लिंबू फुलपाखराचंच भाऊबंद, त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातली झाडं खातात.

---

गिरणाकाठ (१४ जुलै)

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तरांनी सांगितलं तसं केलं. गल्लीच्या टोकाला एका आजींकडे जुनं लिंबाचं झाड आहे, त्यांनी आनंदाने परवानगी दिली. चार अळ्या पानासकट टाचणीने लावून आले. लेक रोज शाळेतून आल्यावर तिकडे हजेरी घेते. इथे दोन ठेवल्या. सासूबाईंना अळी मोठी होऊन फुलपाखरू होते हे माहीत होतं, पण ती हीच, हे माहीत नव्हतं. त्या आता राखेचं नाव काढत नाहीत.

---

गिरणाकाठ (१९ जुलै)

वाईट बातमी. आजींच्या झाडावरच्या दोन लेकीच्या डोळ्यांदेखत गांधीलमाशीने नेल्या. लेक फार रडली. मी तिला म्हटलं, गांधीलमाशीच्याही घरी पोरं असतात. तिचं समाधान झालं नाही, आणि माझंही झालं नाही.

अंगणातल्यांपैकी एक हिरवी होऊन परवापासून गायब आहे.

---

मास्तर_शहादा (१९ जुलै)

भिंतीवर, खिडकीच्या गजावर, कपडे वाळत घालायच्या तारेवर शोधा. कोष तारेला एक दोरा कमरेभोवती बांधून तिरका टेकलेला असतो, झाड तोडणारा माणूस कमरेला दोर बांधून बसतो तसा. हिरव्या काडीवर असेल तर हिरवा, भिंतीवर असेल तर तपकिरी.

---

गिरणाकाठ (१९ जुलै, रात्री)

सापडला! सासऱ्यांच्या काठीला! काठी नेहमी ओट्यावर उभी असते, तिच्या मुठीखाली, तपकिरी. सासरे म्हणाले, राहू दे, मी छत्री घेऊन चालतो.

---

फुणके_कढी (१९ जुलै)

डोळ्यात पाणी आलं ताई. त्यांना नमस्कार सांगा.

---

गिरणाकाठ (४ ऑगस्ट)

उशिरा लिहिते आहे, घरी आजारपण होतं. हिशेब सांगते.

सहापैकी दोन गांधीलमाशीने नेल्या. आजींच्या झाडावरच्या उरलेल्या दोनपैकी एकीचा कोष सापडला, दुसरीचा पत्ता लागला नाही. सापडलेला कोष आठवडाभराने काळवंडला, फुलपाखरू येणार म्हणून डब्यात ठेवला, तर त्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली आणि आतून कितीतरी बारीक हिरवट-काळ्या माश्या निघाल्या. अंगणातल्या दुसऱ्या अळीचा कोष लिंबाच्याच काडीवर होता, त्यातून सोमवारी आम्ही शाळेत-बाजारात असताना फुलपाखरू उडून गेलं, रिकामं टरफल मिळालं.

काठीवरचं मात्र सगळ्यांनी बघितलं. गेल्या शनिवारी सकाळी साडेसातच्या सुमारास कोष उकलला. पंख आधी भिजलेल्या रुमालासारखे चुरगळलेले होते. तासाभरात ताठ झाले. सासऱ्यांनी काठी उचलून उन्हात धरली. हात थरथरत होता, पण खाली ठेवायला तयार नव्हते. दहाच्या आत उडालं.

रोपाची पानं मध्ये अठरावर आली होती. आज सकाळी छप्पन्न भरली, कोवळी धरून.

---

सातपुडी (४ ऑगस्ट)

त्या बारीक माश्या कोषावर जगणाऱ्या गांधीलवर्गीय कीटकाच्या आहेत, बहुधा टेरोमॅलस. मादी अळीच्या आसपास वाट बघत थांबते आणि अळीने कात टाकून कोष केला, की तो मऊ आहे तोवर त्यात अंडी घालते. एका कोषातून शंभरावरही निघतात. लेकीला सांगा, त्या डब्यातल्या माश्या लिंबाच्या बागायतदाराचे मित्र आहेत. डबा जंबेरी_खुंट दादांच्या बागेत उघडायला हवा होता.

---

जंबेरी_खुंट (५ ऑगस्ट)

पुढच्या वेळी नक्की कळवा, गाडी काढून येतो.

मोठ्या झाडांवर फवारलं नाही. शेंडे थोडे खाल्लेत, फळावर फरक दिसत नाही अजून. पन्हेरीतल्या वेचून बांधावरच्या जुन्या कवठावर सोडतोय. वेचायला धाकटा येतो, त्याच्या हट्टापायी. बांधावरचा भाऊ, बावचीचं बी आहे का कुठे? बागेच्या उत्तरेच्या बांधावर दोन ओळी टाकून बघू म्हणतो.

---

बांधावरचा (५ ऑगस्ट)

शे ना भो. आमच्या आजीच्या डब्यात मूठभर आहे, औषधाला ठेवलेलं. जुनं आहे, टणक आहे, रात्रभर कोमट पाण्यात भिजवून टाका, उगवायला वेळ घेतं. यंदाचं बी दिवाळीनंतर पिकेल तेव्हा ताजं देतो. नदीकाठाला चार झाडं उरली आहेत, त्यांना फवारा लागू नये म्हणून मी यंदा कडेला काठ्या रोवल्यात.

---

गिरणाकाठ (५ ऑगस्ट)

दादा, चिमूटभर आम्हालाही. सासरे विचारतायत, कुंडीत येईल का?